आठ ते बारा

संमतीपत्र मानसशास्त्रज्ञ बाईंनी समोरच्या माणसाकडे सरकवलं नाही. स्वतःच उचलून सावकाश, मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "यातलं काही पुन्हा सांगू?" वयाच्या 39व्या वर्षी डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्यायला आलेल्या त्या फिटरनं मान हलवली. सही करण्याआधी 'चष्मा घरी राहिला' म्हणायचं त्यानं ठरवूनच ठेवलं होतं, हे त्यानं मागाहून सांगितलं. ती वेळच आली नाही. तपासणीत पुढे बरंच काही झालं, पण मला सारखं आठवतं ते हे वाचून दाखवणं.

मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा हा माणूस. वरच्या जागेसाठी लेखी परीक्षा असते म्हणून त्यानं बढती नको असं कळवलं होतं. ते ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. दोघांच्या परवानगीनं पुण्यातल्या त्या खोलीत मी कोपऱ्यात बसलो.

डोळे आणि कान आधीच तपासून झाले होते. पहिला बराचसा वेळ बोलण्यात गेला. अडचण शाळेपासूनची आहे हे दिसावं लागतं, म्हणून त्यानं जुनी प्रगतिपुस्तकं आणली होती. गणितात बरे गुण, मराठीत काठावर पास. शेरे ठरलेले: 'अभ्यासात लक्ष नाही', 'अक्षर सुधारावे'. बाईंनी विचारलं, "मार बसायचा?"

"रोज."

मग बुद्धिमापन. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रातला नमुना करायचा होता. त्याचे हात बघत राहावे इतके सफाईदार चालले. ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं सांगताना मात्र तो लवकर अडला.

खरी कसोटी लागली ती निरर्थक शब्दांच्या यादीपाशी. टिमळू, भोगिरस, क्षिपडं. ओळखीचा शब्द माणूस अर्ध्यावरून ओळखतो, संदर्भानं सावरून घेतो. इतकी वर्षं त्यानं तसंच निभावलं होतं. इथं तो आधारच नव्हता. प्रत्येक अक्षर सोडवावं लागत होतं. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. तिथं तो दरवेळी थांबे, बोटानं मागे जाई, पुन्हा निघे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे. त्यामुळे मोठ्या माणसाच्या चुका थोड्या होतात, वेळ मात्र फार लागतो. बाई वेळ मोजत होत्या, पण स्टॉपवॉच त्यांनी टेबलाखाली मांडीवर धरलं होतं.

नंतर उतारा वाचून झाला, श्रुतलेखन झालं.

तो चहाला बाहेर गेल्यावर मी विचारलं, "हा उतारा कोणत्या वयासाठी आहे?"

"8 ते 12," बाई म्हणाल्या.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाचा वरचा स्तर 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीत आहे, पण ती पहिली ते पाचवीच्या मुलांची. प्रौढांसाठी इंग्रजी चाचण्या मिळतात; त्यांची प्रमाणं परदेशी वाचकांवरून काढलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या फिटरला ती काय मोजणार? म्हणून बाई नुसत्या गुणांवर विसंबत नाहीत. तो कुठे थांबला, काय गाळलं, थकवा कधी आला, हे सगळं अहवालात लिहितात. हे काम कष्टाचं आहे आणि मला ते अत्यंत प्रामाणिक वाटलं. पण एका बाईच्या चिकाटीवर हे किती दिवस चालायचं?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे डिस्लेक्सियालाही, 21 दिव्यांगत्वांत जागा दिली. 2018च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र 14व्या आणि 18व्या वर्षी पुन्हा काढायचं आणि 18व्या वर्षीचं आयुष्यभर चालायचं, असं ठरलं. या सूचना लिहिताना डोळ्यांसमोर शाळकरी मूल होतं. शाळेत ज्याला कोणी ओळखलंच नाही, असा 39 वर्षांचा माणूस नव्हता. खासगी अहवाल म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे, हेही बाईंनी त्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं.

अहवालाच्या दिवशी त्यांनी निष्कर्ष वाचून दाखवला: डिस्लेक्सिया, लहानपणापासूनचा, बुद्धीत काही उणं नाही. परीक्षेत जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारा माणूस मिळावा, अशी शिफारस होती. स्वतःच्या परीक्षेबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

"मॅडम, हे घराण्यात चालत येतं का?"

"येऊ शकतं."

"मुलगी तिसरीत आहे. तीपण वाचायला बसली की रडते."

"घेऊन या," बाई म्हणाल्या. "तिच्या वयाच्या चाचण्या आहेत."