निम्मं गेलं तरी चालणारं प्रथिन

डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचा ४६ टक्के भाग गायब, तरी एक गृहस्थ वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपल्या पायांनी चालत होते! १९९० साली ‘नेचर’मध्ये ही नोंद आली आणि स्नायूंचे अभ्यासक चक्रावले. कारण याच प्रथिनाच्या जनुकातली एका अक्षराची चूकसुद्धा कधीकधी ड्यूशेन हा आजार द्यायला पुरते आणि मुलगा कोवळ्या वयातच चाकाच्या खुर्चीत येतो.

कोडं सुटतं ते या प्रथिनाच्या घडणीत. ३,६८५ अमिनो आम्लांचं डिस्ट्रॉफिन एका टोकाने पेशीतल्या ॲक्टिनच्या तंतूंना धरतं, दुसऱ्या टोकाने पेशीच्या पटलाला. स्नायू आकुंचन पावताना पटल फाटत नाही ते यामुळे. मधला बहुतेक भाग मात्र एकाच साच्यातून काढलेल्या २४ तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकड्यात तीन सर्पिल एकमेकांना बिलगून बसलेले.

याच साच्याचे चार तुकडे अल्फा-ॲक्टिनिन या दुसऱ्या प्रथिनात आहेत. फिशन यीस्टच्या अल्फा-ॲक्टिनिनमध्ये तर दोनच. लाल रक्तपेशींना आकार देणारं स्पेक्ट्रिनही याच कुळातलं. ॲक्टिन धरणारं टोक तिघांचं सारखं. म्हणून अल्फा-ॲक्टिनिनसारख्या पूर्वजापासून तुकड्यांच्या नकला होत होत ही लांबलचक प्रथिनं घडली, असं मानलं जातं. उत्क्रांतीचा हा आळशीपणाच म्हणायचा, पण फायद्याचा: मधले काही तुकडे गेले तरी दोन्ही टोकं शाबूत राहू शकतात.

अट एकच. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. गळालेली अक्षरं तीनच्या पटीत असतील तर पुढचा मजकूर नीट लागतो आणि बहुधा बेकर हा सौम्य आजार होतो. हिशेब चुकला की पुढे सगळा गोंधळ, पटलाला धरणारं टोक तयारच होत नाही.

‘नेचर’मधल्या त्या नोंदीतून उपचाराची वाटही दिसली. जनुक वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत जेमतेम पाच हजार अक्षरं मावतात आणि डिस्ट्रॉफिनला अकरा हजार लागतात. म्हणून चार-पाच तुकडेच ठेवून ‘मायक्रो-डिस्ट्रॉफिन’ बनवलं गेलं. अमेरिकेत जून २०२३ मध्ये अशा एका उपचाराला चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. मात्र त्यानंतरची मोठी चाचणी मुख्य कसोटीवर उतरली नाही. २०२५ मध्ये यकृत निकामी होऊन रुग्ण दगावले, तेव्हा मधल्या काळात सुरू झालेला, चालू न शकणाऱ्या रुग्णांसाठीचा पुरवठा थांबवावा लागला.