एका ‘टेक’ची करामत



इंग्रजीच्या वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ, असं तुम्ही नेहमीच लिहिता. ‘टेक म्हणजे घेणे’ हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पण तेवढाच अर्थ धरून बसलात, तर हा शब्द तुम्हाला चांगलाच फसवील बरं का!

बघा हं. ‘टेक धिस पेन’ म्हणजे हे पेन घे. ‘टेक युवर मेडिसिन’ म्हणजे औषध घे. ‘टेक केअर’ म्हणजे काळजी घे. इथवर गाडी रुळावर आहे. पण ‘टेक ग्रँडमदर टू द हॉस्पिटल’? इथं आजीला घ्यायचं नाही, दवाखान्यात न्यायचं! ‘टेक अ फोटो’ म्हणजे फोटो काढ. ‘टेक अ सीट’ म्हणजे बसा. बूट ‘टेक ऑफ’ केले की ते पायातून निघतात, आणि विमानानं ‘टेक ऑफ’ केलं की ते आकाशात उडतं. एखादी मुलगी आईच्या वळणावर गेली असेल, तर इंग्रजीत म्हणतात, ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’.

सगळ्यात मोठी गंमत परीक्षेची. मराठीत परीक्षा गुरुजी घेतात आणि तुम्ही देता. इंग्रजीत मात्र नेमकं उलटं! तिथं विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. आपल्याकडे बोलताना पुष्कळ जण ‘गिव्ह’ म्हणतात, पण पेपरात लिहाल तेव्हा ‘आय टेक अ टेस्ट’ असंच लिहा.

आता हे वाक्य घ्या. बदनापूरहून जालन्याला जायला अर्धा तास लागतो. इंग्रजीत म्हणायचं, ‘इट टेक्स हाफ ॲन अवर’. म्हणजे इथं ‘टेक’ म्हणजे लागणे!

“बाप रे, एका शब्दाचे इतके अर्थ कसे लक्षात ठेवायचे?” असं म्हणू नका. आपलंच ‘लागणे’ पाहा. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, विहिरीला पाणी लागतं, दादाला नोकरी लागते. यांतला एक तरी अर्थ तुम्ही पाठ केला होता का? नाही ना! तुम्ही वाक्यं ऐकली, बोललात आणि शब्द आपोआप तुमचा झाला. इंग्रजीचंही तसंच आहे.

आणि हा ‘टेक’ मुळात इंग्रजांचा नव्हताच! हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ‘घेणे’ यासाठी ‘निमन’ असा शब्द होता. समुद्रावरून आलेले व्हायकिंग लोक तिथं वसले. त्यांच्या ‘टाका’ या शब्दाचा ‘टेक’ झाला आणि जुना शब्द मागे पडला. आपणही फारसीतून ‘दुकान’ घेतलं, तसंच हे.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. ‘टेक, टुक, टेकन’ ही तिन्ही रूपं तीन वाक्यांत वापरा.

पालकांनाही एक विनंती. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला सुरू व्हायचं. त्यामुळे “आम्हाला इंग्रजी येत नाही, काय शिकवणार?” असं पुष्कळ आई-बाबा म्हणतात. पण तुम्हाला मराठी तर येतं! रोज संध्याकाळी घरातलं एक साधं वाक्य मुलाला द्या, ‘आजीला दवाखान्यात ने’ यासारखं. ते इंग्रजीत कसं म्हणायचं, ते मूल शोधील. अडलं तर दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा गुरुजींना विचारील. एवढ्यानंही इंग्रजीची निम्मी भीती पळून जाईल.

जाता जाता एक काम देते. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, महाग पडतं. या प्रत्येक ‘पडणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, शोधा पाहू. मग, लागा कामाला!