अंगणातला स्वीटगम : गुण आणि दोष

स्वीटगम हा मूळचा अमेरिकेच्या पूर्व आणि आग्नेय भागातला मोठा पानझडी वृक्ष. कनेक्टिकटपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत तो रानात आपोआप वाढतो. त्याचे शास्त्रीय नाव लिक्विडांबर स्टायरासिफ्लुआ. खोडाला चीर दिली की त्यातून सुगंधी राळ पाझरते. आयुर्वेदात वापरला जाणारा शिलारस याच कुळातल्या, तुर्कस्तानातल्या दुसऱ्या एका झाडापासून मिळतो.

घराभोवती हे झाड लावले जाते ते मुख्यतः पानांसाठी. पाच टोकांची चांदणीसारखी ही पाने शरद ऋतूत पिवळी, केशरी, लाल आणि जांभळी होतात. अनेकदा हे सारे रंग एकाच झाडावर दिसतात. अंगणातले झाड साधारण ६० ते ७५ फूट उंच वाढते आणि उन्हाळ्यात दाट सावली देते. चिकणमातीत आणि ओलसर जमिनीतही ते तग धरते, शिवाय मोठ्या किडी-रोगांचा त्रास त्याला कमी होतो. गोल्डफिंच, चिकडी यांसारखे पक्षी आणि खारी त्याच्या बिया खातात, तर लूना या फिकट हिरव्या पतंगाच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात.

सर्वांत मोठी तक्रार असते ती फळांची. सुमारे एक ते दीड इंच व्यासाची ही कडक, काटेरी बोंडे शरदाच्या अखेरीपासून वसंतापर्यंत गळत राहतात. पायवाटेवर त्यांच्यावरून पाय घसरतो, हिरवळीवर अनवाणी चालता येत नाही आणि गवत कापण्याच्या यंत्रालाही त्यांचा अडथळा होतो. झाडाला भरपूर फळे धरू लागतात ती साधारण २० ते ३० वर्षांनी, म्हणून रोप लावताना या त्रासाची कल्पना येत नाही. पृष्ठभागालगत पसरणारी जाड मुळे फरशी आणि पदपथ उचलतात. बर्फाच्या वादळात फांद्या मोडतात. चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत लोहाची कमतरता होऊन पाने पिवळी पडतात.

यातल्या बऱ्याच अडचणी लागवडीच्या वेळीच टाळता येतात. 'रोटुंडिलोबा' या गोलसर टोकांच्या पानांच्या वाणाला जवळजवळ फळे धरत नाहीत. जागा अरुंद असेल तर खांबासारखा सरळ वाढणारा 'स्लेंडर सिल्हूट' सोयीचा. झाड घर, वाहनमार्ग आणि पायवाटेपासून किमान २० फूट दूर, भरपूर उन्हात आणि किंचित आम्लधर्मी जमिनीत लावावे. मोठ्या झाडावर फुलोऱ्याच्या काळात फळधारणा रोखणारी फवारणी करता येते. पण ती दरवर्षी करावी लागते आणि उंच झाडावर ते काम खर्चिक ठरते.

थोडक्यात, ऐसपैस अंगणाच्या कडेला स्वीटगम उत्तम वृक्ष आहे. लहान आवारात, दारापाशी किंवा रहदारीच्या वाटेवर मात्र साधा स्वीटगम लावू नये. लावायचाच असेल तर बिनफळांचा वाण निवडावा.