चाकांची चकाकी

खंडेनवमीच्या आदल्या सायंकाळी आमच्या जनवाड्यात ज्यांच्या दारी मोटार आहे, त्यांच्या अंगणात एक बादली, एक फडके आणि एक बाटली हमखास दिसते. मोटार धुऊन झाली, काचा पुसून झाल्या, आता उरली चाके. बाटलीत काय असते ते घराघरावर अवलंबून. कोणाकडे दुकानातून आणलेले ‘टायर शाइन’ असते, कोणाकडे डिझेल, कोणाकडे गॅरेजातून मागून आणलेले जळके ऑइल. एका घरी तर मी खोबरेल तेलही पाहिले आहे. फडके फिरले की मळकट, तपकिरी टायर बघता बघता काळाभोर होतो आणि उतरत्या उन्हात झळकू लागतो. घरधनी दोन पावले मागे सरून समाधानाने पाहतो. त्या समाधानाविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे.

तेलाने काळा रंग खुलतो ही समजूत आमच्याकडे उगाच रुजलेली नाही. बीदरचे बिदरी काम आपण पाहिले असेल. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवितात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचे मिश्रण त्याला लावतात. जस्त काळे पडते, चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते. मग वरून तेलाचा हात फिरला की तो काळा रंग असा काही गहिरा होतो की पाहत राहावे! तेव्हा भांड्याला जे मानवते ते चाकाला का मानवू नये, असे कोणासही वाटेल.

परंतु धातू तेल पीत नाही, रबर पितो. हा सारा भेद एवढाच आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पुस्तकातून सांगत नाही. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापावयास लावतो. एक पाण्यात, दुसरा डिझेलमध्ये, रात्रभर. सकाळी पाण्यातला होता तसाच निघतो. डिझेलमधला फुगून लांबरुंद झालेला असतो, आणि नखाने दाबला तर मऊ लागतो. टायरवर एकदा फडके फिरविल्याने एवढे होणार नाही हे खरे. पण दर आठवड्यास तोच उद्योग चालला तर वर्ष-दोन वर्षांत रबराची कांती आणि ताकद दोन्ही जातात.

आणखी एक गैरसमज आहे. टायरचा ‘रंग उडाला’ असे आपण म्हणतो. पण टायरला रंग दिलेला नसतोच. आरंभीचे टायर काळे नव्हते, रबराच्या मूळ फिकट छटेचे होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, १८८८ साली डनलप याने हवेचे टायर बनविले. काळा रंग आला तो त्यानंतर, विसाव्या शतकात, रबरात काजळी मिसळू लागल्यावर. आजी दिव्यावर वाटी धरून काजळ पाडीत असे, त्याचीच ही कारखान्यातली भावंडे. काजळीने रबर झिजेला दाद देत नाही आणि उन्हाचा माराही सोसतो. ती टायरच्या अंगोपांगी भिनलेली असते. ती उडून जाण्याचा प्रश्नच नाही.

मग ती तपकिरी छटा कसली? ते टायरचे स्वतःचे औषध होय. हवेत ओझोन नावाचा वायू थोड्या प्रमाणात असतो, तो रबराला बारीक भेगा पाडतो. म्हणून कारखान्यात रबरातच मेण आणि ओझोनला अडविणारी रसायने कालवून ठेवतात. चाक फिरते, रबर वाकते-सरळ होते, तसतशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात व हवेशी संयोग पावून तपकिरी दिसतात. मोटार महिनोन् महिने दारात नुसती उभी राहिली तर हे औषध वर येत नाही, आणि भेगा लवकर पडतात. डिझेल किंवा तत्सम द्रव फासला म्हणजे ते मेण विरघळून फडक्याबरोबर निघून जाते. आपण त्याला स्वच्छता म्हणतो!

हे मी शहाणपणाने सांगतो आहे खरा, पण शिकलो तो फसूनच. २०२२ च्या उन्हाळ्यात मी एक जुनी मोटार विकत घेतली. विकणाऱ्याचे नाव घेण्याचे कारण नाही. चारही टायर आरशासारखे चकाकत होते, आणि त्या चकाकीनेच माझा निर्णय झाला. पुढे कुटुंबासह कलबुर्गीस जाताना हुमनाबादेत हवा भरावयास थांबलो. पंक्चर काढणाऱ्याने काही न बोलता साबणाच्या पाण्यात चिंधी भिजवून टायरची बाजू पुसली. चकाकी गेली आणि खाली केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसू लागले. मग त्याने एका अंडाकृती चौकटीतले चार आकडे दाखविले : ३८१४. म्हणजे २०१४ सालचा अडतिसावा आठवडा. “सर, टायर चमकतोय खरा, पण म्हातारा झालाय बघा,” तो म्हणाला. मागल्या बाकावर माझी दोन्ही मुले झोपली होती. मी पुढे गेलो नाही. तेथेच दोन टायर बदलले, उरलेले दोन घरी परतल्यावर.

तेव्हा बाटली उघडण्यापूर्वी ते चार आकडे वाचावेत. बहुधा ते टायरच्या एकाच बाजूस असतात; बाहेर न दिसल्यास आतल्या बाजूस पाहावे. पाच वर्षे उलटल्यावर टायर दरसाल तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे, कितीही नवा दिसला तरी, वापरू नये, असा बऱ्याच निर्मात्यांचा सल्ला असतो. खाचांची खोलीही पाहावी, मोटारीला १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही.

आता ज्याला चकाकी हवीच आहे त्याने ती घ्यावी. माझा विरोध नाही. बाजारात दोन जातीची द्रव्ये मिळतात. एक दुधासारखे पांढरे, पाण्यात सिलिकोन घुसळून केलेले. ते रबरात शिरत नाही. दुसरे पारदर्शक, रॉकेलसारख्या वासाचे. ते अधिक झळकते, म्हणूनच अधिक खपते. पहिले घ्यावे. मोटार सावलीत, चाके थंड झालेली असावीत. साबणाचे पाणी व काथ्याचा ब्रश यांनी टायर धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा. द्रव्य टायरवर न उडविता स्पंजावर थोडेसे घ्यावे आणि फक्त बाजूच्या भिंतीवर चोळावे. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा पुसून काढावे. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मग जनवाड्याहून बीदरला पोहोचेतो मडगार्डवर शिंतोडे उडालेले असतात; त्यावर पठाराची तांबडी धूळ बसली की धुणे दुप्पट.

रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकवर एक थेंबही जाऊ नये. जुने गाडीवान आसाला वंगण घालीत, धावेला कधी कोणी तेल लावले नाही. मोटारसायकलच्या टायरला तर यांपैकी काहीच लावू नये, कारण वळताना ती कलते आणि टायरची कडही रस्त्याला टेकते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने दसऱ्यास दोन्ही चाके वरपासून खालपर्यंत चकचकीत केली आणि पहिल्याच वळणावर तो आडवा झाला. गुडघा फुटला, हँडलवरची झेंडूची माळ मात्र शाबूत राहिली. मलमपट्टी झाल्यावर आम्ही दोघांनी अंगणात बसून साबणाने ती चाके तीनदा धुतली.