खरगपूर परिसरातले बी-२९ विमानतळ

१९४४ च्या आरंभी बी-२९ हे लांब पल्ल्याचे नवे बॉम्बर विमान अमेरिकेकडे तयार होते. पण जपान ज्याच्या टप्प्यात येईल असे पॅसिफिक महासागरातले एकही बेट तोवर तिच्या हाती नव्हते. म्हणून हल्ले चीनमधल्या चेंगडूहून करायचे आणि मुख्य तळ बंगालमध्ये, कलकत्ता बंदराच्या जवळपास ठेवायचा, असे ठरले. खरगपूर, दुधकुंडी, पियारडोबा आणि तेव्हा बिहारमध्ये असलेले चाकुलिया इथल्या धावपट्ट्या या अवजड विमानासाठी तयार करण्यात आल्या. १९४२ चे चक्रीवादळ आणि १९४३ चा दुष्काळ यांनी मिदनापूर जिल्हा खंगलेला असतानाच हे बांधकाम चालू झाले. विमानदलाचे मुख्यालय थाटले गेले ते खरगपूरजवळच्या हिजलीच्या बंदिछावणीत. १९३१ साली पोलिसांच्या गोळीबारात दोन राजबंदी मारले गेले, तीच ही इमारत.

पहिले बी-२९ चाकुलियाला २ एप्रिल १९४४ रोजी उतरले. विमानाचे इंजिन मुळातच तापट, त्यात बंगालचा उन्हाळा. उड्डाणाच्या वेळी इंजिने पेट घेत. ५ जूनला बँकॉकच्या रेल्वे कारखान्यांवर पहिला हल्ला झाला. १५ जूनच्या रात्री चीनमार्गे गेलेल्या विमानांनी जपानमधल्या यावाता पोलाद कारखान्यावर बॉम्ब टाकले, पण कारखान्याचे नुकसान किरकोळच झाले.

खरी अडचण इंधनाची होती. चेंगडूला पेट्रोल आणि बॉम्ब पोहोचवायचे तर हिमालय ओलांडूनच, आणि त्यातले बरेचसे याच बॉम्बर विमानांतून. एका विमानाला एकदा जपानवर धाडायचे, तर आधी मालवाहतुकीच्या कित्येक फेऱ्या माराव्या लागत. हे गणित जमणारे नव्हतेच. ऑगस्टअखेर आलेल्या कर्टिस लमे या सेनानीने शिस्त आणि नेमबाजी सुधारली, हिशेब मात्र बदलला नाही. या मोहिमेतून शत्रूच्या हानीपेक्षा विमान हाताळण्याचा अनुभवच अधिक पदरी पडला.

तोवर जपान ज्यांच्या टप्प्यात येईल अशी पॅसिफिकमधली मारियाना बेटे अमेरिकेने जिंकली होती. जानेवारी १९४५ मध्ये चीनमधून होणारे हल्ले थांबले. मार्चअखेरपर्यंत बंगालमधूनच सिंगापूर, रंगून वगैरे ठिकाणी बॉम्बफेक चालली आणि मग ही विमाने मारियानांतल्याच टिनियन बेटावर हलली. हिजलीच्या त्या इमारतीत १९५१ साली देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. त्याच परिसरातला, युद्धकाळातच उभारलेला कलाईकुंडाचा तळ आजही भारतीय हवाई दल वापरते.