नव्या होडीतील दोष : ओळख आणि उपाय

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांच्या शिवारांत यशवंतसागराचे पाणी पसरले. तेव्हापासून या काठावरील शेतकऱ्याच्या अवजारांत होडीचीही गणना करावयास हवी. पलीकडच्या काठावरील रान पाहणे, वैरण आणणे, उन्हाळ्यात पाणी हटत गेले की मोटारी व पाइप पुढे सरकविणे आणि मासेमारी करणे ही सर्व कामे तिच्यावर अवलंबून असतात. राज्यातील इतर जलाशयांच्या काठीही थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे. तथापि बैल घेताना त्याचे दात पाहणारा, चाल पाहणारा, त्याला जुंपून पाहणारा शेतकरी होडी घेताना मात्र रंग पाहून समाधान मानतो, असे आढळून येते.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. दिनांक २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ते संकट वाऱ्याने आणले. परंतु वळवाचा वारा किती अल्पावधीत पाणी खवळवितो हे त्यावरून सर्वांच्या ध्यानी आले. अशा वेळी तळाशी आधीच चार बोटे पाणी साचलेली होडी अधिक धोक्याची ठरते. होडी एका अंगाला कलली की आतील पाणी त्याच अंगाला धावते आणि कल अधिकच वाढवते. म्हणून बारीक गळतीला बारीक समजू नये.

नवी होडी घरी आली की नारळ फोडावा, माणसे बसवावीत आणि त्याच दिवशी माल भरून ती पलीकडे न्यावी, अशी पद्धत सर्वत्र आहे. नारळ अवश्य फोडावा. माल मात्र भरू नये. पहिल्या आठवड्यात दोष दिसला तर तो कोणाचा याविषयी वाद घालण्यास विक्रेत्याला फारसा वाव राहत नाही. महिन्याने तो दिसला आणि दरम्यान मालकाने कुठे लुकण भरले, कुठे वल्ह्यांच्या आधारासाठी भोके पाडली, कुठे होडी खडकावर ओढली, असे झाले की मूळचा दोष व नंतरची इजा निराळी करून दाखविणे जाणकारालाही अवघड जाते. तपासणी पूर्ण होईपर्यंत होडीला नवे भोक पाडू नये आणि रंगाचा हातही देऊ नये.

फायबरची होडी

अलीकडे बहुतेक खरेदी फायबरच्या होडीची होते. काचेच्या तंतूंचे थर एकावर एक घालून ते राळेने, म्हणजे रेझिनने, भिजवून तिचे अंग तयार करतात. बाहेरचा जो गुळगुळीत रंगीत थर दिसतो तो जेलकोट. त्याची जाडी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. होडीचे बळ त्या चकाकीत नसून आतील तंतूंत व त्यांना जखडून ठेवणाऱ्या राळेत आहे. घाईने केलेल्या कामात थरांमध्ये हवा कोंडून राहते, काही तंतू राळेविना कोरडे राहतात, अथवा राळ पुरती कठीण झालेली नसते. वरून रंग मात्र उत्तम दिसतो.

हे दोष ओळखण्यास कोणतेही महागडे साधन लागत नाही. होडी जमिनीवर पालथी घालावी व नाण्याच्या कडेने किंवा लहान हातोडीच्या लाकडी दांड्याने तिच्या सर्व अंगावर वीत-वीत अंतराने हलके ठोकत जावे. पक्क्या अंगाचा आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले असतील तेथे तो बद्द येतो. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीस हे निराळे शिकवावयास नको. मात्र आत जेथे लाकूड किंवा फोम बसविलेला असतो तेथे आवाज स्वभावतःच बदलतो, आणि असा बदल डाव्या व उजव्या अंगाला सारखाच आढळतो. एकाच अंगाला, कोठेतरी मधेच आवाज बसला तर त्या जागेभोवती खडूने रेघ ओढावी. मी पाहिलेल्या एका नव्या होडीत तळहाताएवढी अशी जागा नेमकी बसण्याच्या फळीखाली निघाली. बाहेरून तेथे ओरखडाही नव्हता.

यानंतर होडी उताणी करून आतून पाहावी. आतल्या बाजूस जेलकोट नसेल तेथे तंतू उघडे दिसतात. ते पांढुरके व कोरडे दिसल्यास राळ कमी पडली असे समजावे. नख लावून पृष्ठभाग चिकट लागतो का तेही पाहावे. चिकटपणा असेल आणि राळेचा उग्र वासही अनेक दिवस टिकून असेल, तर राळ नीट कठीण न झाल्याचा संशय घ्यावा. जेलकोटवर केसासारख्या बारीक चिरा एखाद्या बिंदूपासून चांदणीप्रमाणे पसरलेल्या दिसल्या, तर तेथे वाहतुकीत आघात झालेला असण्याचा संभव असतो. पाण्यात काही महिने राहिल्यानंतर अंगावर फोड येणे हा दोष मात्र पहिल्या तपासणीत दिसत नाही. होडी वर ओढण्याच्या प्रत्येक वेळी तळावरून हात फिरवून त्याचा शोध घ्यावा लागतो.

इंजिन जेथे टांगले जाते ती मागची फळी स्वतंत्रपणे पाहावी. तिच्या आत बहुधा लाकूड असते. बोल्टाच्या भोकांच्या कडा राळेने बंद केलेल्या नसतील तर पाणी आत शिरून ते लाकूड कुजते, आणि वर्ष-दोन वर्षांनी फळी सैल होते. इंजिन बसविल्यावर एकाने ते धरून वर-खाली हलवावे व दुसऱ्याने फळीच्या दोन्ही कोपऱ्यांकडे लक्ष ठेवावे. कोपऱ्यांत चीर उघडमीट करताना दिसली तर ती होडी स्वीकारू नये.

पत्र्याच्या आणि लाकडी होड्या

पत्र्याच्या होडीत दोष बहुधा वेल्डिंगच्या सांध्यात असतो. सुईच्या अग्राएवढे छिद्र नजरेस दिसत नाही. त्यासाठी सांध्याच्या बाहेरील बाजूस चुन्याचा किंवा खडूचा पातळ लेप देऊन तो वाळू द्यावा आणि आतील बाजूने फडक्याने रॉकेल लावावे. छिद्र असेल तेथे काही वेळाने पांढऱ्या लेपावर ओला डाग उमटतो. रॉकेल न मिळाल्यास डिझेल वापरावे. ते दाट असल्याने वेळ अधिक द्यावा. काम चालू असताना जवळ विडी वा चूल नसावी आणि होडी पूर्ण पुसून कोरडी केल्याखेरीज वेल्डिंगला नेऊ नये.

लाकडी होडीचा न्याय निराळा आहे. तिच्या फळ्या कोरड्या असताना आकसलेल्या असतात. पाणी प्याल्यावर त्या फुगतात व सांधे आवळले जातात. त्यामुळे नवी लाकडी होडी पहिल्या दिवशी पाणी घेते हा दोष नव्हे. उथळ पाण्यात ती बांधून ठेवावी आणि रोज सकाळी आतील पाणी मोजून उपसावे. ते दिवसेंदिवस कमी होत गेले तर सांधे जुळत आहेत असे समजावे. चौथ्या-पाचव्या दिवशीही पाणी पहिल्याइतकेच येत असेल तर गळती फळीच्या गाठीतून, चिरेतून किंवा खिळ्याच्या भोकातून आहे. ती आपोआप थांबणार नाही. ‘थोडे पाणी येतेच’ हे विक्रेत्याचे वाक्य लाकडी होडीच्या पहिल्या दिवसांपुरते खरे आहे. फायबर व पत्र्याच्या होडीस ते मुळीच लागू नाही.

पाण्यातील परीक्षा

जमिनीवरील तपासणी झाल्यावर होडी गुडघाभर पाण्यात उतरवावी आणि रिकामी असताना चारही कोपऱ्यांशी पाण्याची रेघ रंगाने आखावी. डावी व उजवी रेघ काठापासून सारख्या अंतरावर नसेल तर होडीचे अंग एका बाजूला जड आहे. मग विक्रेत्याने सांगितलेल्या वजनाइतकी वाळूची पोती सर्वत्र सारखी मांडून होडी चोवीस तास तशीच ठेवावी. पोती ५० किलोची भरली तर हिशेब सोपा जातो. दुसऱ्या दिवशी आत पाणी आले असल्यास ते मोजावे आणि कोठून आले ते पाहावे. पाऊस पडला असेल तर परीक्षा पुन्हा घ्यावी.

फायबरच्या होडीत बुडू नये म्हणून फोम भरलेले किंवा हवाबंद कप्पे असतात. ते खरोखरी काम देतात की नाही, हे पोती व इंजिन काढून, कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरल्यानेच कळते. ती भरलेल्या स्थितीतही तरंगत राहिली पाहिजे. हवाबंद कप्प्याचे बूच दुसऱ्या दिवशी उघडून आत पाणी शिरले आहे का ते पाहावे. ही परीक्षा फार थोडे लोक घेतात, परंतु वादळात जीव वाचला तर याच कप्प्यांमुळे वाचेल.

इंजिनाविषयी थोडक्यात इतकेच की, ते कोरड्यावर चालवू नये. सुरू केल्यावर थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडते की नाही हे पाहावे, न पडल्यास ते तत्काळ बंद करावे. इंजिनाची हमी बहुधा निराळ्या कंपनीची असल्याने त्याचा क्रमांक बिलावर व हमीपत्रावर एकच आहे याची खात्री करून घ्यावी.

दोष आढळल्यास

प्रथम होडी वापरातून काढावी. खडूच्या खुणांसह दोषाची छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर विक्रेत्यास फोन करण्यास हरकत नाही, परंतु फोनवर विसंबू नये. मालविक्री अधिनियम, १९३० नुसार माल तपासण्याची वाजवी संधी मिळण्याचा खरेदीदारास हक्क आहे. पण नाकारत असल्याचे न कळविता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. रीतसर नाकारलेला माल विक्रेत्याकडे स्वखर्चाने पोचविण्याचे बंधन, तसा करार नसेल तर, खरेदीदारावर नसते. म्हणून पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावे. त्यातील मजकूर साधा असावा :

‘दिनांक … रोजी बिल क्रमांक … अन्वये आपणाकडून घेतलेल्या होडीची दिनांक … रोजी तपासणी केली असता पुढील दोष आढळले : … . होडी वापरात घेतलेली नाही. सदर होडी या स्थितीत मला मान्य नाही. पंधरा दिवसांत ती बदलून द्यावी अथवा किंमत परत करावी. होडी … येथे आपल्या पाहणीसाठी ठेवली आहे.’

विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. परंतु स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. ही गोष्ट शेतकरी व मच्छीमार यांनी तक्रारीत स्पष्ट लिहावी. होडी परजिल्ह्यातून आणली असली तरी तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात चालते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारख्या योजनेतून होडी मिळते तेव्हा ‘सुस्थितीत मिळाली’ अशा छापील मजकुराखाली लाभार्थ्याची सही ती उतरवून घेतानाच मागितली जाते. ही सही पाण्यातील परीक्षेनंतर व्हावी. ते शक्य नसेल तर सहीच्या वर ‘तपासणी व्हावयाची आहे’ एवढे शब्द हाताने लिहावेत. त्यास कोणी हरकत घेतल्यास कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रेता दुरुस्तीस तयार झाला आणि दोष मर्यादित असला तर ती करून घेण्यास प्रत्यवाय नाही. पण दुरुस्ती म्हणजे लुकण व रंग नव्हे. फायबरच्या होडीत सुटलेला थर पक्क्या भागापर्यंत घासून काढावा लागतो आणि कडा उतरत्या कराव्या लागतात. उतार जाडीच्या सुमारे बारापट, म्हणजे पाच मिलिमीटर जाडीस सहा सेंटिमीटर असावा. जागा पूर्ण वाळवून मगच नवे थर चढवावे लागतात. ओल्या अंगावर किंवा भर पावसात हे काम करू देऊ नये. दुरुस्त होऊन आलेल्या होडीस पुन्हा नाणे वाजवून पाहावे, तीच पोती भरून तिला पुन्हा चोवीस तास उथळ पाण्यात ठेवावे आणि त्यानंतरच विक्रेत्याच्या कागदावर सही करावी.