वळणावर गाडी का कलते?

एकेकाळी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. प्रवाशांसह तिचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, वेग सेकंदाला १० मीटर आणि वळणाची त्रिज्या २० मीटर धरू. गाडी वळवायला ५००० न्यूटन बल लागते. ते टायरवर, जमिनीलगत मिळते. गुरुत्वमध्य मात्र सुमारे अर्धा मीटर वर असतो. त्यामुळे बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी कलते.

कल कमी करण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांच्या आधारांना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, बसवतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो नुसता फिरतो. एकच उचलले गेले तर पिळला जातो व विरोध करतो. दांडा जाड केला की कल घटतो, पण एका चाकाला बसलेला खड्ड्याचा धक्का दुसऱ्यालाही जाणवतो.

मात्र कल घटला म्हणून धोका घटत नाही. चाकांमधील अंतर १.२५ मीटर धरल्यास आतल्या चाकांवरचा सुमारे २००० न्यूटन भार बाहेरच्या चाकांवर जातो. दांडा बदलूनही हा आकडा जवळजवळ तोच राहतो. न कलणारी गाडी चालकाला सावध करत नाही, एवढेच.

वेग निम्मा केला तर किती भार सरकेल? विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर ५०० न्यूटन येईल.